दादाच्या माइकची केबल

हे लिहावं की नाही, या विचारात खूप दिवस गेले.

या पेजवरच्या गोष्टी मी नेहमी वाचते. त्यातल्या निम्म्या थापा असतात हे मलाही कळतं, तरी वाचते. त्यामुळे माझं वाचून "घ्या, आणखी एक आली" असं तुम्ही म्हणालात तरी मी रुसणार नाही. फक्त एक सांगते. माझ्या नवऱ्याच्या उजव्या तळहातावर भाजल्याचा डाग आहे. तो काही मी पेनाने काढलेला नाही.

हे घडलं ते रात्री नाही.

वीज गेलेली नव्हती. कुत्री रडत नव्हती. भर दुपार होती. खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं आणि तो टुंय टुंय ओरडत होता. जागा म्हणजे आमच्याच घरातली मागची खोली.

त्या खोलीत मी पुस्तकं वाचते. म्हणजे पोटासाठी वाचते. लोक कानाला लावून ऐकतात ना, ती पुस्तकं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून चारही भिंतींना जुन्या गाद्या आणि रजया ठोकल्या आहेत. नवरा त्या खोलीला माझं माहेर म्हणतो. एकदा आत गेले की लवकर परत येत नाही, म्हणून.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, घराजवळच. दुपारी तो जेवायला घरी येतो.

आता दादाबद्दल.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. माझ्याहून बराच मोठा. वडील लवकर गेले आणि मला त्यानेच वाढवलं. शाळेची फी त्याने भरली, तापात उशाशी तो बसला, माझ्या लग्नात वरातीपेक्षा मोठ्याने तोच रडला. मला ठकी म्हणायचा. माझं खरं नाव त्याला आठवत असेल की नाही, मला शंकाच आहे.

तो साउंडवाला होता. आधी कार्यक्रमांना माइक-स्पीकर लावायचा, मग एका स्टुडिओत लागला. मला सोल्डरिंग त्यानेच शिकवलं. शाळेत होते तेव्हा. बाकीच्या मुली भरतकाम शिकत होत्या आणि मी कथलाचा धूर नाकात घेत तारा जोडत होते. पहिल्याच दिवशी त्याने एक लाल तार माझ्या नाकासमोर धरली होती.

"ठके, ही लाल. हिच्यातून तगडा करंट जातो. ही कधी बॉडीला लागता कामा नये. लागली तर हात लावणारा गेला."

हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवेन.

दादा घशाच्या आजाराने गेला. आजाराने आधी त्याचा आवाज नेला, मग त्याला. शेवटचे काही महिने तो बोलूच शकत नव्हता. हाताने खुणा करायचा, आणि त्या मला कळल्या नाहीत की भिंतीकडे तोंड फिरवायचा. तो गेल्यावर मला त्याचा चेहरा लगेच आठवायचा, पण आवाज काही केल्या आठवायचा नाही. त्याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटायचं.

तर, तो गेल्यानंतर वर्षभराने वहिनीचा फोन आला.

"त्याचा तो माइक आहे ना, ट्यूबचा, तो तू घेऊन जा. तुझ्या कामाचा आहे."

मला खरं वाटेना. तो माइक म्हणजे दादाचा जीव की प्राण. जुन्या रेडिओत असायचा तसला काचेचा व्हॉल्व्ह असतो आत. त्यामुळे आवाज कसा ऊबदार येतो, समोर बसून कुणी बोलतंय असा. त्याला साधी केबल चालत नाही. माइकसोबत एक लोखंडी डबा असतो, तो माइकला करंट पुरवतो. डबा आणि माइक यांच्यामध्ये सात तारांची जाड केबल लागते.

मी गेले तर वहिनीने खोकं आधीच बांधून दाराबाहेर ठेवलं होतं. दाराबाहेर. चपलांच्या शेजारी.

"आत ये" म्हणाली नाही.

मी तिथेच खोकं उघडून बघितलं. माइक होता, डबा होता. केबल नव्हती.

"उंदरांनी कुरतडली. मी टाकून दिली," वहिनी म्हणाली. "तू नवीन बनवशील ना?"

"बघते."

"बघते नको गं. बनव. त्याची इच्छा होती."

माझे डोळे भरून आले. मी तिला मिठी मारली. ती मिठीत अगदी ताठ उभी होती. मला वाटलं, रडू आवरतेय बिचारी.

बिचारी!

केबल बनवायला घेतली. सुट्या भागांच्या दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "ताई, कशाला डोकेफोड? तयार घ्या की." म्हटलं, "आहे का तयार?" म्हणाला, "नाही." असा सगळा आनंद! शेवटी केबल एका दुकानातून घेतली आणि सात पिनांचे कनेक्टर दुसऱ्या.

काम किचकट होतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या पिना. प्रत्येकीच्या खळग्यात थोडं कथिल भरायचं, तार सोलायची, खुपसायची, धरून ठेवायची. सात एका टोकाला, सात दुसऱ्या. वरून तांब्याची जाळी असते, ती माइकच्या बॉडीला जोडायची. जाळी म्हणजे माइकचं चिलखत समजा. नवऱ्याने दुकानातलं डोक्याला बांधायचं भिंग आणून दिलं. ते घातल्यावर मी घुबडासारखी दिसते, असंही प्रेमाने सांगून गेला.

वहिनीचा रोज फोन यायचा.

"जोडली का?"

"अजून नाही."

"लवकर जोड."

मला त्यात माया दिसायची.

एका दुपारी केबल पूर्ण झाली. मीटर लावून प्रत्येक तार तपासली. सगळं बरोबर. डबा चालू केला, माइक तापू दिला, हेडफोन कानाला लावले.

घूंऽऽऽ

नुसती घुणघुण. कुठलातरी जॉइंट कच्चा राहिला असणार. मी कपाळाला हात लावला आणि स्विच बंद करायला वाकले.

तेवढ्यात घुणघुणीच्या मागून...

कुणीतरी खाकरलं.

मी मागे वळून बघितलं. खोलीत कोणी नव्हतं. दार बंद होतं.

"ठके... ऐकू येतंय का?"

दादा.

आजारातला घोगरा नाही. त्याच्या आधीचा. धडधाकट, थोडा नाकातला, वाक्याच्या शेवटी हलकेच हसणारा. वर्षभर उशीत तोंड खुपसून आठवायचा प्रयत्न करत होते तो आवाज. तोच.

मी घाबरले का? खरं सांगू? नाही. मी रडायला लागले. हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरले आणि "दादा, दादा" एवढंच म्हणत राहिले.

"रडतेस काय, येडे. पाच नंबरचा जॉइंट कच्चा आहे. परत कर."

मी डबा बंद केला. कनेक्टर उघडला, भिंग लावलं. पाच नंबर वरून चकचकीत दिसत होता. चिमट्याने जरासं हलवलं... आणि तार अलगद सुटून हातात आली.

परत सोल्डर केलं. चालू केलं. घुणघुण निम्मी झाली होती.

"शाब्बास," दादा म्हणाला.

त्यानंतर माझ्या दुपारी त्याच्यासोबत जायला लागल्या. हातातलं पुस्तक वाचायचं बाजूला पडलं. तो एकेक जॉइंट सांगायचा, मी दुरुस्त करायचे, घुणघुण आणखी थोडी कमी व्हायची. मध्येच तो जुनं काहीतरी काढायचा. एका कार्यक्रमात पाहुण्यांच्या भाषणात मी चुकून माइक बंद केला होता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, ते. आम्ही दोघं हसायचो. नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने माइक हलवला असता, आणि मला दादा परत गमवायचा नव्हता.

वहिनीचा फोन आला तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"वहिनी, केबल जोडली."

ती हळूच म्हणाली, "मग?"

"मग काही नाही. छान आवाज येतो."

"हं," म्हणाली. आणि तिने एवढा मोठा श्वास सोडला की मला फोनवर ऐकू आला.

दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन बंद झाला. आलाच नाही.

आता काही गोष्टी मला खटकत होत्या. खटकायला हव्या होत्या असं नाही, खरंच खटकत होत्या. मी त्यांच्याकडे कानाडोळा केला.

एक म्हणजे, आवाजाची पातळी दाखवणारी हिरवी पट्टी असते कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर. मी बोलले की ती उड्या मारते. दादा बोलायचा तेव्हा ती हलायची नाही.

अजिबात नाही.

मी एकदा रेकॉर्ड करून बघितलं. वाटलं, वहिनीला ऐकवू, तिला बरं वाटेल. नंतर लावलं तर सरळ सपाट रेघ. त्यात दादा नव्हता. आणि मी त्याच्याशी बोलत होते ना? मीसुद्धा नव्हते. माइकच्या पुढ्यात बसून मी तास-तास बोलत होते आणि माइकने मला ऐकलंच नव्हतं.

मग मी टाळी वाजवून बघितली. हेडफोनमध्ये टाळी आली नाही.

आणि दुसरं... हे मी आवाजाचं काम करते म्हणून माझ्या लक्षात आलं. प्रत्येक खोलीला स्वतःचा एक आवाज असतो. कुणी बोलत नसलं तरी असतो. भिंतींचा, हवेचा. शांततेलाही जागा लागते. दादाच्या आवाजामागे तसं काहीच नव्हतं.

त्याच्या मागे खोलीच नव्हती.

आणि तो श्वास घेत नव्हता. मी दिवसभर माझ्याच रेकॉर्डिंगमधले श्वास कापत बसते, मला श्वास बरोबर कळतो. दादा लांबलचक बोलायचा आणि मध्ये कुठेच... काही नाही.

मी त्याला विचारलं, "दादा, तू कुठे आहेस?"



"इथे आवाज नाही गं," एवढंच म्हणाला.

मला इतकं भरून आलं की पुढचं काही विचारायचं सुचलंच नाही.

मग ती दुपार.

घुणघुण आता अगदी थोडी राहिली होती. डास कानाजवळून गेल्यासारखी. दादा म्हणाला, "शेवटचं काम राहिलंय, ठके. लाल तार काढ."

मी डबा बंद करायला हात पुढे केला.

"मग जाळी काप. आणि लाल तिच्या जागी लाव."

माझा हात थांबला.

जाळीची जागा म्हणजे माइकची बॉडी. तिथे लाल लावायची म्हणजे माइकच्या अख्ख्या पत्र्यात तो तगडा करंट सोडायचा.

"दादा, लाल बॉडीला?"

"हो."

"तूच तर सांगितलं होतंस..."

"तू लहान होतीस तेव्हा. घाबरून राहावंस म्हणून सांगितलं होतं. हा माइक वेगळा आहे. माझा आहे ना तो? मला माहीत असेल की तुला?"

मी केबल हातात घेऊन उलटसुलट करून बघितली.

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

हे तो ज्या सुरात म्हणाला ना... मला सायकल शिकवताना तो मागून सीट धरून धावायचा आणि अगदी याच सुरात विचारायचा. त्याने कधी मध्येच हात सोडला नव्हता. एकदासुद्धा नाही.

मी डबा बंद केला. लाल तार सोडवली, जाळी कापली. लाल तार तिच्या जागी लावली. कथिल वितळलं, धूर आला, जॉइंट असा सुरेख झाला की काय सांगू. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर जॉइंट तो.

डबा चालू केला.

"आता एक हात डब्यावर ठेव," दादा म्हणाला. "आणि एक माइकवर. दोन्ही घट्ट धर. घुणघुण कायमची जाईल."

मी डावा हात डब्याच्या गार पत्र्यावर ठेवला. उजवा हात उचलला.

"घट्ट हं," तो म्हणाला.

आणि बेल वाजली.

बेल माझ्या डोक्यावरच आहे, कानाला हेडफोन असले तरी ऐकू येते. मी दचकून हात मागे घेतला.

"जाऊ दे, नको उघडूस," दादा म्हणाला. जरा घाईने. तो कधी घाईने बोलत नसे.

बेल परत वाजली. मग परत. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि दार उघडलं. नवरा होता. किल्ली दुकानात विसरला होता.

"किती वेळ! माहेरी होतात वाटतं बाईसाहेब?" हसत हसत तो आत आला. "पोटात कावळे ओरडतायत. काय चाललंय तरी काय आत रोज?"

मी "थांब" म्हणायच्या आत तो मागच्या खोलीत शिरला. मघाशी उठताना माझ्या पायाच्या धक्क्याने माइकचा स्टँड थोडा कलला होता.

"अगं, पडेल ना हा," तो म्हणाला.

त्याने एका हाताने डब्याचा आधार घेतला. आणि दुसऱ्या हाताने माइक पकडला.

तो ओरडला नाही. ओरडताच येईना त्याला. त्याचा जबडा आवळला गेला, मान मागे गेली आणि बोटं माइकभोवती वळत गेली. मी धावत जाऊन भिंतीतली पिन उपटली. तरी क्षणभर तो तसाच चिकटून होता. मग एखादी गोणी पडावी तसा खाली कोसळला.

मी त्याच्या छातीवर डोकं ठेवलं. ठोके लागत होते, वेडेवाकडे. तळहात काळा पडला होता. मी त्याचं नाव घेऊन हाका मारत होते, शेजाऱ्यांना ओरडून बोलवत होते, काय काय करत होते...

तेव्हा टेबलावरच्या हेडफोनमधून आवाज आला.

पिन माझ्या हाताशी जमिनीवर पडली होती. डबा बंद होता. माइक जमिनीवर आडवा होता.

बारीक, दूरवरून यावा तसा. पण स्पष्ट.

"ठके, तुला सांगितलं होतं ना... त्याला कशाला?"

त्यात राग नव्हता. लाडाने दटावतात ना, तसं म्हणाला तो.

नवरा वाचला. डॉक्टर म्हणाले, करंट एका हातातून दुसऱ्या हातात गेला, म्हणजे छातीतून गेला, नशीब थोर. काही दिवस दवाखान्यात ठेवलं. हृदयाचे ठोके रुळावर यायला वेळ लागला. शुद्धीवर आल्यावर तो पहिलं काय बोलला असेल? "वायरिंग कुणी केलं होतं?"

मी म्हटलं, "मी."

"तू? तू असली चूक करशील?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला भास झाले असतील. दुःखात होतं असं."

त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून मी दिलेला चहा तो लगेच पीत नाही. आधी माझ्याकडे बघतो. बघतोय हे त्यालाही कळत नसावं. मला कळतं.

दवाखान्यातून सुट्टी झाली आणि मी तडक वहिनीकडे गेले.

तिने दार उघडलं, मला बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आलं माहितीये? आश्चर्य. मी जिवंत कशी, याचं आश्चर्य.

त्या एका नजरेत मला सगळं कळलं.

"वहिनी, केबल उंदरांनी खाल्ली होती?"

ती दाराची कडी चाचपत राहिली.

"मी तुला विचारतेय."

"मी कापली," ती म्हणाली. "भाजी कापायच्या सुरीने. तुकडे तुकडे केले."

"का?"

ती तिथेच दारात बसली.

"तो बोलायचा त्यातून. गेल्यावर पंधरा दिवसांतच सुरू झालं. मी एकदा सहज हेडफोन लावले होते, त्याचा वास येतो का बघायला... आधी किती बरं वाटलं गं मला. मग म्हणायला लागला, एक हात इथे ठेव, एक तिथे. मला कळत नसलं तरी भीती कळते ना. मी नाही म्हटलं. मग रोज. रोज. केबल कापली तरी घरात बोलायचा. बंद कपाटातून."

"आणि म्हणून तू तो मला दिलास?"

"तो म्हणाला, ठकीला दे. ठकी माझं ऐकेल. तिला दिलंस की तुझं नाव घेणार नाही."

मी चौकट धरली.

"तुला माहीत होतं मला काय होणार आहे?"

वहिनीने मान वर केली नाही. तिच्या लग्नात मी तिचा हात धरून तिला घरात आणलं होतं. दादाच्या आजारपणात आम्ही दोघींनी पाळ्या लावून रात्री काढल्या होत्या. एका ताटात जेवलो होतो.

"मला झोप हवी होती गं," ती म्हणाली. "तू फोनवर जोडली म्हणालीस ना, त्या रात्री मी पहिल्यांदा झोपले."

तिला मारावं असं वाटत होतं आणि हातही उचलत नव्हता. मी निघून आले. ती मागून हाक मारेल असं वाटलं. नाही मारली.

आता तुम्ही म्हणाल, तो तुमचा दादा नव्हताच. त्याच्या आवाजात दुसरंच काहीतरी बोलत होतं. नवऱ्यालाही मी हळूहळू हेच पटवून दिलंय, आणि तोही मला हेच पटवतो. तसं असेल तर किती बरं होईल. पण मग ती सायकल? तो सूर? टाळ्यांचा किस्सा आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हता, कारण नंतर दादाने सगळ्यांना सांगितलं होतं की माइक आपोआप बंद पडला. मला बोलणी बसू नयेत म्हणून.

ज्याने माझ्यासाठी तेवढं केलं, त्याने हे केलं?

मला तो मेल्याचं दुःख होतं. आता तेही राहिलं नाही. त्याच्या जागी काय आहे ते मला सांगता येत नाही. त्याचा फोटो मी उतरवून ठेवलाय, आणि भिंतीवर चौकोनी डाग राहिलाय. मी तिकडे बघत नाही.

केबल मी त्याच आठवड्यात कापून टाकली. माइक आणि डबा मात्र अजून माझ्याकडे आहेत. कुठे आहेत ते सांगणार नाही. टाकून दिले तर कुणीतरी उचलेल. कुणाला दिले तर मग माझ्यात आणि वहिनीत फरक काय? म्हणून सांभाळून बसलेय. कान बंद करून.

आतापर्यंत तरी आवाज आलेला नाही.

हे सगळं मी आजच का लिहितेय, तेही सांगते.

परवा वहिनीचा फोन आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी उचलणार नव्हते, पण उचलला.

"माइक परत दे," ती म्हणाली.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"त्याचा माइक. परत दे मला. केबल बनवलीये मी."

वहिनीने केबल बनवली? बल्ब बदलायचा असेल तरी ती शेजारच्यांना बोलवते. सोल्डर गन तिने आयुष्यात हातात धरलेली नाही.

"कुणाकडून बनवून घेतलीस?" मी विचारलं.

"मीच बनवली. सातही तारा. पाच नंबर आधी कच्चा राहिला होता, तो परत केला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वहिनी... तुला कुणी शिकवलं?"

ती जराशी हसली. खूप दिवसांनी हसत होती. सुखात असल्यासारखी.

"रागावू नकोस हं," म्हणाली. "पण शेवटी माझ्याकडेच आला तो."

आणि तिने फोन ठेवला.

माइक माझ्याकडे आहे. डबा माझ्याकडे आहे. काल मी दोन्ही जागेवर आहेत का ते दोनदा जाऊन बघून आले. आहेत.

मग तिच्या घरात कोण बोलतंय, आणि कशातून?

नवरा म्हणतो, आपण जाऊन तिला बघून येऊ. कालपासून तिचा फोन लागत नाही. मी हो म्हणाले आहे. चपला घालून दारात उभीसुद्धा राहिले होते.

पण खरं सांगू का... मला जायचं नाहीये.